अडीच लाखांत गाडी वाजवू की घर? (सोलापूरकरांनी जरूर सांगा)

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. बोनस आणि एक जुनी एफडी मिळून अडीच लाख बाजूला पडलेत आणि ते "तुझ्या त्या आवाजावर" घालवायला घरातून परवानगी मिळाली आहे. परवानगी तोंडी आहे, म्हणून घाई.

परिस्थिती अशी. नोकरी पुण्यात, घर सोलापुरात. सोमवारी पहाटे निघायचं, शुक्रवारी रात्री परत. एका खेपेला साडेचार-पाच तास स्टिअरिंगवर. गाडी पेट्रोल सेडान, कंपनीचेच चार स्पीकर. मोहोळ ओलांडून वेग घेतला की रस्त्याचा आवाज वर आणि गायक खाली.

घरी वरच्या मजल्यावर एक खोली आहे, १२ बाय १० फूट, उंचीही १०. फरशी शहाबादी, भिंतींना ऑइल पेंट, एक लोखंडी कपाट, एक दिवाण. पुण्यात एका शोरूममध्ये केईएफ कंपनीचे बुकशेल्फ (छोटे, स्टँडवर ठेवायचे) स्पीकर ऐकले आणि वेडा झालो. तिथल्या माणसाने ओळखीवर तेच स्पीकर आणि तोच ॲम्प शनिवार-रविवारसाठी घरी दिला. लावला, तर हा दुसराच माल आहे की काय असं वाटलं. खालचा आवाज घुमतो, काही सूर अंगावर येतात, काही गायबच, आणि जरा जोरात लावलं की कान किटतात. शोरूमवाला म्हणतो पॉवर कमी पडतेय, वरच्या मॉडेलचा ॲम्प घ्या.

तर प्रश्न दोन. पैसे गाडीवर घालू की घरावर? आणि घरी नेमकं बिघडतंय काय?

पत्रातालीम
गाडीवर घाल बे. घरात बायकोचा आवाज असतोच की.

कडक_भाकरी
अडीच लाखांत गणपतीला अख्खी पेठ हलवणारी डीजेच्या स्पीकरची भिंत भाड्याने येईल, आणि तुम्ही एका दिवाणासाठी खर्च करायलाय. कमाल आहे मालक.

सुरपेटी
पत्रातालीम, ते वाक्य घरी मोठ्याने म्हणून दाखवा आणि मग इथे येऊन अनुभव लिहा.

पत्रातालीम
ताई, माफी. जेवायचंय मला रात्री.

टू_एन_३०५५
शोरूमवाल्याचं गणित आधी तपासू. बुकशेल्फ स्पीकरची संवेदनशीलता साधारण ८५ ते ८७ डेसिबल असते, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर तेवढा आवाज. तुमच्या खोलीत दिवाण स्पीकरपासून फार तर अडीच-तीन मीटरवर. निवांत ऐकायला ७५ डेसिबल पुष्कळ झाले. म्हणजे गाणं चालू असताना बहुतेक वेळ तुम्ही एखाद-दुसरा वॅटच वापरताय. तबल्याची थाप, झांज अशा क्षणापुरते वीस-तीस.

आता ५० वॅटचा ॲम्प काढून १०० चा बसवला तर किती वाढलं? ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी पॉवर दहापट हवी. १०० चा ॲम्प घेऊन तुमचा घुमारा जाणार नाही, तोच घुमारा थोडा जास्त जोरात ऐकू येईल.

आमच्या वेळी हे असलं विकणं पीएमपीओवर, म्हणजे क्षणभराच्या पॉवरच्या फुगवलेल्या आकड्यावर चालायचं. टेबलावर मावणाऱ्या टेपवर '१००० वॅट पीएमपीओ' असं चिकटवलेलं असायचं आणि आत आयसी ४४४० चा बोर्ड. चव्वेचाळीस चाळीस म्हटलं की अजूनही हाताला सोल्डरिंगचा वास येतो. पासोड्या विठोबाजवळून टू एन ३०५५ ट्रान्झिस्टर आणून स्वतः ॲम्प बांधणारी पिढी आमची. माठावर उपडा स्पीकर ठेवून बेस काढलेला आहे. कंटाळा आला तर सांगा, थांबतो.

कडक_भाकरी
काका थांबू नका. माठाचं सांगा.

टू_एन_३०५५
माठाची पोकळी आणि तोंड मिळून एका ठरावीक सुराला फुगवतात. त्या एका सुरात जबरदस्त बेस, बाकी ठिकाणी काही नाही. रस्त्यावरच्या टपरीला पुरे. होटेलात चहा देताना कोणी सूर मोजत नाही.

शहाबादी
काकांनी माठ काढलाच आहे तर सांगतो, धागाकर्त्याची खोली हाच तो माठ आहे.

मी बांधकामातला माणूस, खोलीची मापं वाचून कपाळाला हात लावला. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी लहर नेमकी बसली की तो सूर फुगतो. हिशेब सोपा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा आणि त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा. १२ फुटांना येतात ४७ हर्ट्झ, १० फुटांना ५६. तुमची रुंदी १० आणि उंचीही १०, म्हणजे ५६ वर दोन फुगवटे एकावर एक चढलेत. बेस गिटारची 'ए'ची मोकळी तार ५५ हर्ट्झची. ती वाजली की तुमची खोली तिच्याबरोबर गाते, आणि तार थांबली तरी खोली थांबत नाही.

'काही सूर गायब' याचंही उत्तर त्यातच आहे. भिंतीला टेकून बसलात तर फुगवटा सगळ्यात जास्त. खोलीच्या बरोबर मध्यात बसलात तर तोच सूर जवळजवळ शून्य. दिवाण कुठे आहे?

आणि ऑइल पेंट, फरशी, कपाट, सगळं टणक. वरचे सूर इकडून तिकडे आपटत राहतात, कान किटतात ते त्यामुळे. खोलीत मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. मागून 'टर्रर्र' असं शेपूट ऐकू आलं तर समजा.

पत्रातालीम
मी वाजवून बघितली. शेजारच्या काकूंनी दार उघडून विचारलं, आरती आहे का.

जुळेसोलापूरकर
शहाबादी, दिवाण मागच्या भिंतीला टेकवूनच आहे. टाळीला शेपूट आहे, चांगलं लांबलचक आहे. पण मग शोरूममध्ये घुमत का नव्हतं?

शहाबादी
शोरूमच्या भिंती नीट आठवा. कापड लावलेल्या जाड फळ्या असतील, जमिनीवर गालिचा, कोपऱ्यांत काहीतरी उभं ठोकलेलं. तुम्ही स्पीकर घरी आणलेत, खोली तिथेच राहिली.

टॉवेलवाला
इथे माझा धंदा येतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टेरी टॉवेलचे माग आहेत. दोऱ्याचा, रंगाचा दोष असलेला सेकंडचा माल किलोवर जातो. मी माझ्या टीव्हीच्या खोलीत लाकडी चौकटी करून आत टॉवेल भरलेत, वरून साधं सुती कापड. चौकट दोन बाय चार फूट, जाडी चार इंच. आवाजात जमीन-अस्मानाचा फरक. सोलापुरात राहून पुण्या-मुंबईहून फोम मागवणाऱ्यांना काय म्हणावं!

मूळचा_पंढरपूरचा
मग सरळ सोलापुरी चादरी टांगल्या तर? लग्नात आलेल्या कपाटभर पडून आहेत. २००५ पासून जीआय आहे म्हणे चादरीला, भिंतीवर शोभेल पण.

शहाबादी
चादर भिंतीला चिकटवून टांगली तर काम बिघडेल. सच्छिद्र वस्तू आवाज खाते, पण लहरीच्या पाव लांबीइतकी जाडी मिळाली तर पोटभर खाते. १००० हर्ट्झला पाव लहर साडेआठ सेंटिमीटर. १०० हर्ट्झला ८६ सेंटिमीटर! चादरीची जाडी किती, विचार करा. तिने फक्त झांजा आणि 'स', 'श' मरतील, खालचा घुमारा जसाच्या तसा. आवाज बद्द होईल आणि वर घुमतही राहील.

टांगायचीच तर भिंतीपासून वीतभर पुढे, भरपूर चुण्या घालून. टॉवेलवाल्यांची चार इंची चौकट बरी, आणि तीही भिंतीपासून चार इंच पुढे लावली तर आणखी खालपर्यंत काम करते. मागची हवा फुकट आहे. खालच्या घुमाऱ्यासाठी मात्र कोपरे धरावे लागतात. जमिनीपासून छतापर्यंत, फूट-दीड फूट जाडीचा भराव. टॉवेल गच्च दाबून भरू नका हां. फार दाबले तर आवाज आत शिरतच नाही, परत फिरतो.

एकच हरकत आहे. सुती टॉवेल पेटतो. मागे वायरिंग, समोर गरम ॲम्प. माझं मत रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर. ४८ किंवा ६४ घनतेच्या स्लॅब मिळतात, जळत नाहीत.

टॉवेलवाला
रॉकवूल हाताळल्यावर अंगाला खाज सुटते ते का नाही सांगितलं? लहान मुलं असलेल्या घरात मी नाही लावणार. आणि घरात गाद्या, पडदे, कपडे काय फायरप्रूफ असतात काय? ॲम्पपासून लांब लावा, विषय संपला.

शहाबादी
कापडात नीट गुंडाळून शिवलं तर खाज नाही. आणि विषय संपला नाही, पण तुमचं टॉवेलचं गणित चुकीचंही नाही. स्विचबोर्डापासून दूरच्या भिंतीला चालतील.

भिगवण_बायपास
मंडळी, मी उलटं बोलणार आहे. गाडीत हाय-एंड हा पैशाचा चुराडा आहे. महामार्गावर शंभरच्या वेगाला साध्या सेडानच्या आत ७० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. टायर, वारा, पुढच्या ट्रकचा हॉर्न. त्यात तुम्ही विलंबित ऐकणार? अर्धी आलापी रस्ता खातो. घरीही पहिल्यांदा चांगला हेडफोन घ्या. हेडफोनला खोली नसते, शहाबादी फरशी नसते, शेजारी नसतात. अडीच लाखांत जगातले उत्तमांपैकी एक मिळतील आणि वर लाखभर उरेल.

बारा_व्होल्ट
भिगवणसाहेब, रस्त्याच्या आवाजाचं म्हणता ते खरं. पण त्याच कारणासाठी गाडीवर काम करायचं असतं.

जुळेसोलापूरकर, माझा धंदाच हा, पण माल विकत नाही, फक्त फिटिंग आणि ट्युनिंग, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. लोक काय करतात? स्क्रीन बदलतात, मागच्या ट्रेवर सहा बाय नऊचे अंडाकृती स्पीकर टाकतात, डिकीत बारा इंची सब, म्हणजे फक्त बेसचा मोठा स्पीकर. डिकी थरथरते आणि नंबरप्लेट गाते. पुढच्या दारात मात्र कंपनीचा कागदी स्पीकर तसाच. गाणं समोरून यायला हवं की पाठीतून?

तुमच्यासाठी क्रम असा. आधी पुढची दोन दारं. दाराचं आतलं पॅनल काढलं की पत्र्याला मोठाली भोकं दिसतात, वर एक पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला. स्पीकर पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो. मागचा आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि पुढच्याला खोडतो. बेस गेला तो इथे गेला. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराची शीट रोलरने दाबून बसवायची (यालाच डॅम्पिंग म्हणतात), आतल्या पत्र्याची भोकं बंद करायची, काचेच्या मोटरला आणि पाणी निथळायच्या फटींना हात न लावता. स्पीकरखाली घट्ट रिंग. एमडीएफची नको, पावसात फुगते. एवढं केलं की कंपनीचा स्पीकरसुद्धा अंगात आल्यासारखा वाजतो. रस्त्याचा आवाजही उतरतो, दार लावतानाचा 'खण्ण'चा 'धप' होतो.

मग पुढचे कंपोनंट स्पीकर, म्हणजे दारात साडेसहा इंची आणि आरशाजवळच्या खांबात वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, ट्वीटर. मग डीएसपी (प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा जुळवणारी डिजिटल चिप) असलेला चार चॅनलचा ॲम्प. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, उजवा स्पीकर गुडघ्यापाशी, डावा पार पलीकडे. फरक अर्ध्या मीटरचा धरा. उजव्याचा आवाज दीड मिलिसेकंद आधी पोचतो आणि अख्खं गाणं उजव्या दारात जाऊन बसतं. डीएसपीने उजव्याला तेवढं थांबवलं की गायक डॅशबोर्डच्या मध्ये येतो. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास बोनेटकडे बघतो. सब हवाच असेल तर सीटखालचा आठ इंची. डिकी मोकळी राहते. मागचे स्पीकर आवाज कमी करून सोडून द्या.

कडक_भाकरी
बारा_व्होल्ट, गंभीर शंका. मे महिन्यात सोलापूर ४३ ला जातं. गरम हवेत आवाज जोरात पळतो ना? मग उन्हाळ्यात ते दीड मिलिसेकंद बदलायला पुन्हा तुमच्याकडे यायचं का?

बारा_व्होल्ट
😄 वेग ३४३ वरून ३५७ च्या आसपास जाईल. अर्ध्या मीटरला फरक ०.०६ मिलिसेकंद, म्हणजे स्पीकर दोन सेंटिमीटर सरकल्यासारखं. तू सीटवर रेलून बसलास तर याहून जास्त फरक पडतो. उन्हाळ्याची खरी भीती ॲम्पला. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आत भट्टी. ॲम्प गालिच्याखाली कोंबला तर बारामतीला जाईपर्यंत थर्मल कट मारेल. हवा खेळेल अशा जागी बसवायचा.

मूळचा_पंढरपूरचा
बारामती पुण्याच्या रस्त्यावर कुठून आली? इंदापूरवरून सरळ जातात.

बारा_व्होल्ट
माझी सासुरवाडी. पुढे चला.

जुळेसोलापूरकर
वायरिंग आणि वॉरंटीबद्दल पण लिहा. मित्राच्या गाडीत एका ठिकाणी काम केलं तर ॲक्सिलरेटर दिला की स्पीकरमधून 'सुंईई' यायला लागलं. परत नेली तर म्हणे गाडीतच दोष आहे.

बारा_व्होल्ट
ती सुंई इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वर-खाली होत असेल तर ती अल्टरनेटरची. बहुतेक वेळा अर्थिंगचा घोळ असतो. अर्थची वायर रंगावरच स्क्रूने आवळलेली असते. रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर, कमीत कमी लांबीची हवी. सिग्नलची वायर आणि पॉवरची वायर गाडीच्या एकाच बाजूने नेली असेल तर तेही तपासा.

पॉवरची वायर: ७५ वॅट आरएमएसचे (सलग मिळणाऱ्या खऱ्या पॉवरचे) चार चॅनल म्हणजे ३०० वॅट बाहेर. एबी क्लासचा ॲम्प असेल तर बॅटरीतून ३५-३६ अँपिअर ओढणार. चार गेजची तांब्याची वायर घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास मिळते, पाकिटावर बारीक अक्षरांत सीसीए. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या ६० टक्क्यांच्या आसपासच. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर परत ठेवा. दुकानदाराचं तोंड वाकडं होईल, होऊ दे.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. ॲम्पजवळच्या फ्यूजवर भागवू नका. मधली वायर घासून पत्र्याला टेकली तर तो फ्यूज बघत बसतो आणि वायर पेटते.

वॉरंटी: कंपनीची वायर कापू द्यायची नाही. प्रत्येक गाडीचे कपलर मिळतात. जो फिटर कटर घेऊन डॅशबोर्डाकडे येतो त्याच्याकडून चावी परत घ्या.

पत्रातालीम
एवढं करण्यापेक्षा गाडीच बदल की बे. महिंद्राच्या त्या एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनीचे १२ स्पीकर, नव्या बीई ६ मध्ये हरमन कार्डनचे १६, डॉल्बी ॲटमॉससकट.

भिगवण_बायपास
अडीच लाखांत?

पत्रातालीम
डाउन पेमेंट.

टू_एन_३०५५
स्पीकरची संख्या मोजणं म्हणजे नवा पीएमपीओ. अर्थात त्या इलेक्ट्रिक गाड्यांत इंजिनाची घरघर नाही आणि केबिन, स्पीकर, डीएसपी हे सगळं एकत्र बेतलेलं असतं, हा खरा फायदा. बिल्ल्यावर मात्र जाऊ नका. जेबीएल काय, हरमन कार्डन काय, दोन्ही हरमनचेच, आणि २०१७ पासून हरमन सॅमसंगकडे.

रात्रपाळी
बरेच दिवस फक्त वाचायचो, आज लिहितो.

माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर होते, आयुष्यभर. शेडमध्ये शेजारच्या माणसाशी ओठांच्या हालचालीवर बोलायचे. घरी टीव्ही एवढा मोठा की गल्लीत बातम्या ऐकू जायच्या. मी पहिल्या पगारातून त्यांना चांगले स्पीकर आणले, त्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. नंतर कानाची तपासणी केली तर आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा. डॉक्टर म्हणाले, सततच्या गोंगाटाने कान जातो तो आधी तिथेच जातो. बोलण्यातली व्यंजनं तिथल्या आसपासची, त्यामुळे आवाज येतो पण शब्द कळत नाही. आता श्रवणयंत्र आहे. ते लावून परवा जुनं तेलुगू भजन ऐकलं तर म्हणाले, यात चिपळ्या पण आहेत का?

सांगायचं एवढ्यासाठी की ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. जुळेसोलापूरकर, रस्ता ७० चा आणि त्यावर गाणं चढवायचं म्हणून तुम्ही नकळत कुठवर जात असाल ते मोजा, तेही एका बैठकीला पाच तास. दारांचं काम झालं तर गाणं कमी आवाजात ऐकू येईल. माझं मत गाडीला आहे. आणि लाखाची खरेदी करण्याआधी कानाची तपासणी करून घ्या, त्याला फार पैसे लागत नाहीत.

भिगवण_बायपास
रात्रपाळी, हे पटलं. गाडीबद्दलचं माझं मत अर्धं मागे. दारांचं काम करा, बाकीचं राहू द्या.

कडक_भाकरी
मग गणपतीतल्या डीजेचं काय? चौकात उभं राहिलं की बरगड्या वाजतात. नियमात निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहेत, रात्री दहानंतर भोंगे बंद. २००० सालापासून कागदावर आहे हे.

पत्रातालीम
सुरुवातीला भिंत भाड्याने आणणारा तूच ना बे?

कडक_भाकरी
भाड्याने आणतो म्हणालो, माझ्या गल्लीत लावतो म्हणालो नाही.

(डीजेवर पुढे आलेले प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे मूळ विषयावर लिहा. — संपादक)

सुरपेटी
सगळी चर्चा बेस आणि पत्र्यावर चाललीय म्हणून घरच्या बाजूने लिहिते. मी गाणं शिकवते. माझ्याकडे फार महागडं काही नाही, पण जे आहे ते जागेवर आहे.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. ट्वीटर कानाच्या उंचीला. स्पीकर मागच्या भिंतीपासून निदान दोन फूट पुढे, विशेषतः मागे भोक असलेले असतील तर. दिवाण भिंतीपासून ओढा. जमिनीवर दोघांच्या मध्ये जाड जमखाना घाला. मग कोणाला तरी आरसा घेऊन बाजूच्या भिंतीला लावून सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात ज्या ठिकाणी स्पीकर दिसेल तिथे टॉवेलवाल्यांची चौकट. हे सगळं एका दुपारचं काम आहे आणि आरसा घरात असतोच.

आणि शहाबादींना एक विनंती. सगळ्या भिंती मऊ करायला लावू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने चारही भिंतींवर फोम लावला. तानपुरा लावला तर जवारीची झळाळीच गेली, चार तारा चार वेगवेगळ्या ऐकू यायला लागल्या. खर्जाच्या तारेतून तो गंधार आपोआप उमटतो ना, तो शोधावा लागला. मागची भिंत पुस्तकांच्या कपाटावर सोडा. वेड्यावाकड्या पुस्तकांवर आवाज फुटून पसरतो.

जुनी ध्वनिमुद्रणं ऐकणार असाल तर अजून एक. चांगल्या स्पीकरवर ७८ च्या तबकड्यांची खरखर जास्त स्पष्ट येते. नाउमेद होऊ नका. आठवडाभरात कान खरखरीच्या मागे बघायला शिकतो.

शहाबादी
ताई, शंभर टक्के. कोपरे आणि आरशाच्या जागा, बाकी मोकळं. मी तसंच लिहायला हवं होतं असं आता टॉवेलवालेही म्हणतील.

टॉवेलवाला
मी कशाला म्हणू, माझा माल कमी खपणार.

मूळचा_पंढरपूरचा
ब्लूटूथ की वायर? की सीडी? कोणी बोललंच नाही.

टू_एन_३०५५
सीडीचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिट. साधं एसबीसी ब्लूटूथ ३२८ च्या आसपास, एलडॅक ९९० पर्यंत. घरी शांत खोलीत, लक्ष देऊन ऐकताना फरक कळतो. गाडीत महामार्गावर कळला तर मला भेटा, चहा माझ्याकडून. फक्त वायरने लावलं तर फोनही चार्ज होतो आणि मध्येच तुटत नाही, तेवढ्यासाठी लावा.

घरच्या व्होल्टेजकडेही बघा. उन्हाळ्यात संध्याकाळी आमच्याकडे २३० चे १९०-१९५ झालेले मीटरवर पाहिलेत. चांगला ॲम्प सोसतो, पण वर-खाली उड्या असतील तर स्टॅबिलायझर हवा. दहा हजारांच्या पॉवर केबलच्या नादाला लागू नका. खांबापासून घरापर्यंत जी वायर आलीय तिच्यापुढे ती शेवटची दीड मीटर काय करणार?

जुळेसोलापूरकर
सगळ्यांचे आभार. रविवारी संध्याकाळी डेमोचे स्पीकर परत करायच्या आधी जेवढं जमलं तेवढं केलं.

दिवाण भिंतीपासून हातभर पुढे ओढला. स्पीकर स्टुलांवर ठेवून पुढे आणले. खालच्या हॉलमधला जमखाना वर नेला. मुलीने आरसा धरला, तिला तो खेळ फार आवडला. चौकटी नव्हत्या म्हणून दोन्ही जागांवर गाद्या उभ्या केल्या. आवाज एकदम जागेवर आला, शब्द सुटे झाले, कान किटणं गेलं. घुमारा कमी झाला, गेला नाही. ५५ हर्ट्झचा सूर फोनवरून वाजवून खोलीभर फिरलो. कपाटाजवळच्या कोपऱ्यात अक्षरशः भिंत ढकलल्यासारखं वाटतं आणि बरोबर मध्ये उभं राहिलं की काही नाही. बायको म्हणाली, बंद आहे का ते? मी म्हटलं, दोन पावलं मागे ये. आणि हो, कपाटाच्या दाराचा खडखड त्याच सुराला येतो. कपाट खाली जाणार.

शोरूमवाल्याला सांगितलं, मोठा ॲम्प नको. तो म्हणाला मग हाच घ्या, डेमोचा पीस, किंमत कमी करतो. विचार करतोय.

तर आत्ताचा बेत: आधी दारांचं डॅम्पिंग, पुढचे कंपोनंट आणि डीएसपी ॲम्प. सब नाही. हे साधारण लाखात बसवायचं. घरी कोपरे रॉकवूलचे, आरशाच्या जागा टॉवेलच्या, म्हणजे दोन्ही पक्ष खूश. उरलेल्यात तेच बुकशेल्फ आणि तोच छोटा ॲम्प. कानाची तपासणी बुधवारी.

भिगवण_बायपास
हेडफोनचं कोणीच ऐकलं नाही. माझा निषेध नोंदवा.

बारा_व्होल्ट
सब नाही म्हणताय तर डीएसपीमध्ये दाराच्या स्पीकरला ६०-७० हर्ट्झखालचं कापून टाकायला सांगा. साडेसहा इंची कोनाला त्याखाली जबरदस्ती केली की तो नुसता हलतो, वाजत नाही. आणि सबसाठी एक जादा जोडी सिग्नल वायर आत्ताच ओढून ठेवा. सहा महिन्यांनी मला फोन करणारच आहात.

सुरपेटी
गाद्या उभ्या करून ऐकलंत यातच आलं. तानपुरा लावून बघितलात का?

जुळेसोलापूरकर
ताई, लावला. गंधार सापडला. गाद्या काढल्यावर जास्त सापडला, म्हणून चौकटी थोड्या लहान करतोय. टॉवेलवाले, माल कधी घ्यायला येऊ?

टॉवेलवाला
शनिवारी दुपारी चारच्या आत. गठ्ठे मोठे आहेत, मागची सीट पाडून या. आणि दारांचं काम नंतर करा, आधी माल न्या. डॅम्पिंग झालेल्या गाडीला आमच्या फाटकातला पहारेकरी हॉर्न वाजवूनही ऐकू येत नाही म्हणतात.

पत्रातालीम
पहारेकरी हॉर्न कशाला वाजवेल बे?